गाबेसच्या बाईंचा नंबर कधी लागणार?

लुआज, म्हणजे ट्यूनिशियातली शेअर टॅक्सी, आठ सीट भरल्याशिवाय गाबेसच्या स्टँडवरून हलत नाही. सात भरल्या होत्या. बाहेर गरम वाऱ्याने धुळीचा नुसता धिंगाणा मांडला होता, आणि मधल्या सीटवर बसून रिहाब फोनवर कोणाचा तरी उद्धार करत होती.

"सूसला पोचले ना, की त्या यंत्रावर वेटोळं घालून बसलेल्या नागोबाला त्याच्याच केबलने टांगते बघ! ...हो, उलटा!"

तेवढ्यात आठवी सीट आली. म्हणजे उंच, टोपीवाला एक माणूस आला, तिच्या शेजारी अंग चोरून बसला आणि गाडी सुटली.

"टांगायचंच असेल तर करडी केबल घ्या," तो हळूच म्हणाला. "निळी तुटते."

"तुम्ही ऐकत होता?"

"गाडीतले सगळेच ऐकत होते."

ड्रायव्हरने आरशातून मान डोलावली.

झालं! ऐकणारं कोणी मिळाल्यावर रिहाब थांबते होय? तीन विद्यापीठांनी मिळून एक दांडगं कॉम्प्युटर यंत्र घेतलं होतं आणि ते ठेवलं होतं सूसला. कोणीही आपापल्या गावातून काम पाठवायचं, रांगेत उभं राहायचं, नंबर आला की यंत्र गणित सोडवून देणार. संशोधनही त्यावर, वर्गातलं प्रॅक्टिकलही त्यावर. रिहाब गाबेसला शिकवायची. खजुराच्या बागांखाली पाणी किती उरलंय, याचं गणित तिची मुलं मांडायची, यंत्राकडे पाठवायची... आणि बसायची हात चोळत. नंबर लागतच नव्हता.

"आणि आता यंत्राची समिती म्हणते, गाबेसवाले यंत्र वापरतच नाहीत, काढून टाका त्यांना! अहो, दाराला कडी लावून बसायचं आणि वर म्हणायचं पाहुणे येतच नाहीत?"

"आणि तो सांभाळणारा? तो काय करतो?"

"ढेरी सांभाळतो! शाकिर का कोण आहे. टकला असणार, लिहून देते."

शेजाऱ्याने टोपी काढली. केस दाट होते, कुरळे होते आणि – रिहाबचं नशीबच फुटकं – छान होते.

"शाकिर," तो म्हणाला. "ढेरी अजून नाही. प्रयत्न चालू आहेत."

मागच्या सीटवरच्या आजीबाई खुदकन हसल्या. रिहाबच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही श्वास घ्यायला थांबाल म्हणून वाट बघत होतो."

"आणि गाबेसला कशाला आला होतात?"

"तुमच्याच तक्रारीसाठी. लाइन तपासली. ठणठणीत आहे." मग तो जरा घुटमळला. "अडलंय ते... पुढे. प्रोफेसर मुन्सिफ."

मुन्सिफ म्हणजे समितीचे अध्यक्ष. यंत्राचा मोठा हिस्सा साहेबांच्या कामांनी अडवलेला असायचा, आणि ती कामं काय करायची? झोपायची! गणित नाही, बिणित नाही. उद्या लागलंच तर जागा हाताशी असावी, म्हणून रुमाल टाकून ठेवलेला.

"तुम्हाला हे माहीत आहे?" रिहाबचा आवाज एकदम खाली आला. असा आवाज खाली आला की तिचे विद्यार्थी बाकाखाली शिरायचे.

"आहे."

"आणि गप्प बसलात?"

"माझ्या कंत्राटावर दरवर्षी तेच सही करतात..."

सूस येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. उतरताना एवढंच म्हणाली, "लाज वाटू द्या." भांडायला आली होती, भांडण गाडीतच उरकलं. बाई त्याच स्टँडवरून परत फिरली!

पण राग काय असा उतरतो? यंत्राला काम पाठवताना त्याला एक नाव द्यावं लागतं. चालू असलेली कामं सगळ्यांना दिसतात. रांगेत थांबलेली फक्त दोघांना, पाठवणाऱ्याला आणि सांभाळणाऱ्याला. दुसऱ्या दिवशी रांगेत गाबेसहून एक काम येऊन उभं राहिलं. नाव: 'शाकिर घाबरट'. पाठोपाठ 'कणा शोधून द्या, बक्षीस मिळेल'.

यंत्र उघडलं की सगळ्यांना आधी एक सूचना दिसते. ती शाकिर लिहायचा. तीन शहरांतल्या मास्तरांनी आणि पोरांनी त्या दिवशी वाचलं: 'कामांना नावं देताना सभ्यता पाळावी. गाबेसच्या बाईंनी विशेषकरून.'

रिहाबने पाठवलं: 'सूचना लिहिण्यात शूर'.

सूचना आली: 'बाईंचं अक्षर दिसत नसलं तरी राग सुंदर दिसतो.'

ती चिडली. चिडून हसली. हसू आलं म्हणून पुन्हा चिडली. आणि त्याच तिरीमिरीत तिने आणखी एक काम पाठवून दिलं. त्याला असं नाव दिलं, की... जाऊ द्या. नंबर लागणारच नव्हता, मग भीती कसली?

समितीची बैठक सूसला भरली. मुन्सिफसाहेबांनी मोठ्या पडद्यावर यंत्र दाखवलं. "बघा. गाबेसचं एक तरी काम चालू आहे? मग फुकटची जागा का अडवायची?"

रिहाब ताडकन उठली. "जागा अडवायची? आम्ही? साहेब, तुमची कामं काय दिवे लावतायत ते दाखवा की!"

"खाली बसा बाई. अत्यंत महत्त्वाचं संशोधन आहे ते."

रिहाबने शाकिरकडे बघितलं. नुसतं बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता, चेहरा खडूसारखा पांढरा. मग तो पुढे आला आणि पडद्यावर एक रकाना वाढवला: कोण किती काम करतंय. साहेबांच्या प्रत्येक कामापुढे शून्य. वरपासून खालपर्यंत नुसती शून्यांची माळ.

"काही न करता जागा धरणारं काम काढून टाकावं," शाकिर म्हणाला. आवाज कापत होता. "नियम तुम्हीच केलाय, साहेब."

"शाकिर, हात लावशील तर—"

लावला. एक बटण, आणि माळ गायब! रिकाम्या जागेत गाबेसची पोरं मुसंडी मारून घुसली. 'बागेचं पाणी', 'जुनी विहीर', 'पास करा मॅडम'... त्यांच्या मागून बाईंचे सगळे टोमणे, आणि अगदी शेवटी, भल्या थोरल्या अक्षरांत:

'शाकिर घाबरट आहे पण डोळे छान आहेत मेल्याचे'.

सगळी सभा डोळे फाडून वाचू लागली.

"हे..." मुन्सिफांनी चष्मा पुसला. "हे संशोधन आहे?"

रिहाबला जमीन दुभंगायला हवी होती. पण माघार घेणं तिच्या रक्तात नव्हतं. "हो," ती म्हणाली. "चालू आहे."

ट्यूनिसहून आलेल्या वयस्कर बाईंनी हसू दाबत फाइल मिटली. "गाबेस यंत्र वापरतंय की. चांगलं मन लावून वापरतंय. राहू दे त्यांना."

बाहेर जिन्यात रिहाबने शाकिरला गाठलं.

"वाचलं होतंस ना तू ते?"

"आठवडा झाला. रोज वाचतोय."

"आणि पुढे नाही सरकवलंस?"

"रांग मोडून?"

"आग लागो तुझ्या रांगेला! कंत्राटाचं काय?"

"गेलं. साहेबांनी दारातच सांगितलं." आणि तो हसत होता!

"हसतोस काय बावळटासारखा? मी बोलले म्हणून कोणी नोकरी घालवतं?"

"तू बोललीस म्हणून नाही. तुझी पोरं ताटकळली होती म्हणून." तो थांबला. "...थोडंसं तू बोललीस म्हणून."

रिहाबने हाताची घडी घातली. "गाबेसला यंत्राची आमच्याकडची बाजू सांभाळायला माणूस हवाय. पगार कमी, धूळ भरपूर. आणि... मी आहे."

"ते शेवटचं जरा समजावून सांगा ना, बाई."

"नाही सांगणार."

"विचार करायला वेळ किती आहे?"

"माझा राग उतरेपर्यंत."

"म्हणजे जन्मभर!"

तिने त्याच्या खांद्यावरची अवजारांची पिशवी सरळ ओढली, आपल्या खांद्यावर टाकली आणि तरातरा जिना उतरायला लागली. चांगलीच जड होती. पण मागे धावत येणारी पावलं ऐकू आली, तेव्हा तिने चाल आणखी वाढवली... पकडू दे की त्याला जरा पळून!