वाकवलेला रानडुक्कर

आमच्या निशाणाचा काशाचा रानडुक्कर परत आणायचा, एवढ्यासाठी आम्ही तिघे आर्दुएन्ना नावाच्या रानात शिरलो होतो. दलदलीकडच्या लोकांनी तो पळवला होता, आणि तो भाल्याच्या टोकावर मिरवल्याशिवाय आमच्या जमातीतला एकही गडी लढाईला पाऊल उचलत नसे. पुढे माझा मोठा भाऊ मातुगेन, छाती काढून. मागे मी. मधे सुआद्रावहिनी, कारण वाट तिलाच ठाऊक. दलदल तिच्या माहेरची!

"तुझी माहेरची देवी जावयाचा काय पाहुणचार करते, बघू तरी!" दादा म्हणाला.

"हळू बोला. आलेल्याला ठेवून घ्यायची खोड आहे तिला."

दादा हसला. मला हसू आलं नाही. पाखरं केव्हाच गप्प झाली होती. भूर्जांच्या बुंध्यांना घोड्यांच्या कवट्या बांधलेल्या, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. पाणी काळं आणि निश्चल. काठचं शेवाळ मात्र कुणी खालून श्वास घ्यावा तसं वरखाली होत होतं.

तेवढ्यात चिखलात काशाची शेपटी चमकली!

"थांबा!" वहिनी ओरडली. पण थांबेल तो दादा कसला? उडी! डुक्कर हाती आला आणि दादा कमरेपर्यंत खाली गेला.

डुकराचे पाय पिळलेले होते, पाठ मुद्दाम वाकवलेली.

"अहो, सोडा तो! वाकवून पाण्यात टाकला म्हणजे तिला दिला. आता तो तुमचा नाही."

"रिकाम्या हातानं गेलो तर गाव तोंडावर थुंकेल!"

"थुंकायला तोंड तरी वर ठेवा!"

चिखल छातीला भिडला. मी भाला आडवा केला. धरायला त्याचा हात मोकळा कुठे होता!

वहिनीनं देवीच्या पाण्यात हात बुडवला. शपथेचे शब्द इकडच्या सगळ्या जमातींचे एकच; देव ज्याचा त्याचा, म्हणून नाव कुणी घेत नाही.

"माझी माणसं ज्याची शपथ घेतात, त्याची शपथ! तुझं तुला परत."

दादानं तिच्याकडे पाहिलं. आता डुक्कर धरून ठेवणं म्हणजे तिची शपथ मोडणं. बोटं सुटली. डुक्कर बुडाला, एक बुडबुडाही आला नाही. मग चिखल सैलावला. भाला धरला! ओढ! ओढ!

आमच्या हद्दीच्या ओढ्यावर पाय धुताना दादानं विचारलं, "माझी माणसं म्हणजे कुठली गं? इकडची की तिकडची?"

"बाहेर आलात ना?" वहिनी झग्याचा चिखल पिळत म्हणाली.

गाव हसलं, थुंकलंही. दादानं सगळं सोसलं. पण अजूनही कुठे शपथ घ्यायची वेळ आली, की तो आधी वहिनीकडे बघतो.