कडेला निजलेली माणसं

म्हाताऱ्या माणसांचं शुश्रूषागृह कसं पारखायचं, हे धाकटीला कोणी शिकवायची गरज उरली नव्हती. पन्नाशी आली तरी घरात ती धाकटीच, आणि आईचं सगळं मात्र तिच्याच गळ्यात. अर्धांगाच्या झटक्याने आईची उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यानंतर तिला दोन ठिकाणी ठेवून झालं. पहिल्या ठिकाणी पाठीला मुठीएवढी जखम झाली. दुसरीकडे चांगला हात खाटेला बांधलेला सापडला. दोन्ही वेळा धाकटीने तिला उचलून घरी आणलं आणि दोन्ही वेळा ती गाडीत ढसाढसा रडली.

या वेळी घरी न्यायची सोयच नव्हती. उद्या सकाळी धाकटीच्याच पोटातली गाठ काढायची होती, आणि आता थांबाल तर पस्तावाल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. दादाने फोनवर "तू बघशील ते योग्यच बघशील" म्हणून हात झटकले होते. बाकी सगळीकडच्या खाटा भरलेल्या. राहिलं होतं ते हे एक. आईला गाडीत ड्रायव्हरजवळ ठेवून धाकटी आत शिरली तेव्हा बाहेर दिवस कलत होता.

आधी तिने नाकाने पाहिलं. मुताचा वास नाही, आणि तो दडपायला ओतलेल्या फिनेलचाही नाही. मग न्हाणीघरात जाऊन भिंतीचे दांडे ओढून पाहिले, फरशी बुटाने घासून पाहिली. पाण्याचे पेले हाताच्या टप्प्यात होते. मोठ्या बाई, म्हणजे तिथल्या मेट्रन, मागून मुकाट्याने चालत होत्या. असल्या ठिकाणी माणसं उगाच गोड बोलतात. या बाईंना त्याचीही गरज वाटत नव्हती.

"सगळ्यांच्या पाठी बघू?" धाकटीने विचारलं.

"बघा ना."

वॉर्डात शांतता होती. कण्हणं नाही, खोकला नाही, नुसता वरच्या दिव्याचा बारीक गुणगुणाट. धाकटीने एकेका आजीच्या पाठीखाली हात घातला, टाचा पाहिल्या. कातडी कशी, लहान मुलासारखी. कुठे लाली नाही, ओल नाही. तिच्या जिवात जीव आला. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला कोणाच्या तरी पाया पडावंसं वाटलं.

आणि मग तिच्या लक्षात आलं. सगळ्या खाटांवरची माणसं अगदी कडेला निजली होती. खाटेच्या कडेचे गज गालाला टेकलेले, आणि उरलेली अर्धी गादी मोकळी.

"मावशी, ही पडतील ना अशी," ती तिथल्या आयाला म्हणाली. "मध्ये का नाही निजवत?"

"मध्येच निजवतो, ताई. सरकतात."

"अहो, या आजींना बोटसुद्धा हलवता येत नाही. सरकतील कशा?"

मावशी टॉवेलची घडी घालत राहिली. ती घडी आधीच घातलेली होती.

धाकटीने वाकून गादी दाबली. सपाट होती, उतार कुठेच नव्हता. मग अंगवळणी पडलेल्या सवयीने तिने आजींच्या खालची चादर धरली आणि त्यांना अलगद मधोमध ओढून घेतलं. आजींचे डोळे उघडले. त्यांत भीती नव्हती, नुसता ओशाळेपणा, गर्दीत कोणाच्या पायावर पाय पडावा तसा.

"अगं बाई..." त्या पुटपुटल्या, "तिच्या अंगावर घातलंस की मला..."

धाकटीने हात मागे घेतला. हात जिथे टेकला होता ती मोकळी गादी उबदार होती.

कचेरीत येऊन ती खुर्चीत बसली. "रात्री यांना कुशीवर कोण वळवतं? माणसं तर तुम्ही दोघीच दिसता."

"पूर्वी आमच्याकडेही जखमा व्हायच्या," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. "वास यायचा. लोक शिव्या घालून जायचे. मग एका पावसाळ्यापासून... थांबलं ते. आम्ही विचारलं नाही कोणाला."

"आणि तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते. म्हणून आम्ही खाटेवर नाही, खाली जमिनीवर निजतो." त्यांनी वर पाहिलं. "तुम्ही पाठी बघितल्यात ना, ताई? मग सांगा. न्यायचं असेल तर आताच न्या."

नेणार कुठे? घरी कुलूप, उद्या सुरी. धाकटी मेली तर आईचं काय, आणि जगली तरी टाके असताना उचलणार कोण? मेंदू शिणून गेला तिचा. म्हाताऱ्यांना भास होतात, गादीला माणसाची ऊब राहतेच, असं स्वतःला बजावत ती उठली आणि आईला आत घेऊन आली.

कोपऱ्यातली एका खाटेची खोली मिळाली. धाकटीने आईला स्वतःच्या हातांनी मधोमध निजवलं, दोन्ही बाजूंना उशा दाबल्या, गज वर केले, ओढून पाहिले. "चारच दिवस गं, आई. मी येते. मी येणार आहे." आई तिच्याकडे पाहत राहिली. त्या नजरेपुढे उभं राहवेना, म्हणून ती औषधांची पिशवी आणायला गाडीकडे गेली.

परत आली तेव्हा उशा पायथ्याशी नीट रचलेल्या होत्या. आई कडेला सरकून कुशीवर होती, निर्जीव बाजू वर, गाल गजाला टेकलेला. तिचा चेहरा इतका निवांत धाकटीने झटक्यानंतर कधी पाहिला नव्हता.

"आई... कोणी वळवलं तुला?"

आईचे ओठ हलले. बंद पडलेला तो आवाज, अगदी पहिल्यासारखा स्पष्ट, म्हणाला, "दिवा घालव जाताना. हिला उजेडात झोप येत नाही."

आईला उचलावं, पळावं, असं धाकटीच्या रक्तात उसळत होतं. हात पुढेही झाले. पण त्या हातांनी आईच्या पाठीवरच्या त्या जखमेचा जुना, बरा न होणारा चट्टा चाचपला, आणि तो तिथे नव्हता.

तिने दिवा घालवला.

अंधारात आईचा श्वास ऐकू येऊ लागला. शेवटी बारीक शीळ वाजणारा तो श्वास धाकटीला तोंडपाठ होता. कितीतरी रात्री तिने तो मोजत जागून काढल्या होत्या. आई श्वास सोडत होती, तेव्हा खाटेवर दुसरं कोणी तरी तो आत घेत होतं.

धाकटीने दार हलकेच ओढून घेतलं, कोणाची झोपमोड होऊ नये म्हणून.