काळा पडदा, लुकलुकता दिवा

दोघांची गाठ पडली ती दवाखान्याच्या जिन्यावर. गाठ कसली, टक्करच! ती शिशाचा जड एप्रन घेऊन खाली उतरत होती आणि तो एक जुना कॉम्प्युटर, तान्हं मूल धरावं तसा छातीशी धरून, वर चढत होता. वळणावर एप्रन निसटला तो थेट त्याच्या पायावर.

"आई गं! काय भरलंय यात, दगड?"

"शिसं. एक्स-रे काढते मी. आणि तुम्ही काय, भंगार गोळा करता?"

"भंगार नाही हो, तुमच्या दवाखान्याचा द्वारपाल आहे हा." तो एका पायावर उभा राहून हसला. "मागच्या महिन्यात इंटरनेटच्या तारेतून चोर शिरले ना? आता आत-बाहेर जाणारं सगळं याच्या नजरेखालून जाईल. फायरवॉल म्हणतात."

"महाग असेल."

"मशीन जुनं, आतली प्रणाली फुकट. जगभरच्या अनोळखी माणसांनी मिळून लिहिलेली. वाटेवरच्या विहिरीसारखी... कुणी खणली ते विचारायचं नाही, तहान भागवायची."

"कुठल्याही मशीनवर चालते?"

"चालते म्हणतात. चालवताना तोंडाला फेस येतो!"

तिने त्याचं नाव ठेवलं भंगारसम्राट. तो मग वरचेवर येऊ लागला, द्वारपालाची तब्येत बघायला. द्वारपाल ठणठणीत होता. बिघडली होती ती सम्राटाचीच तब्येत. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. पण खरं बोलायची वेळ आली की तो घसा खाकरायचा... आणि म्हणायचा, "येतो."

तिची आई दुपारी डबा घेऊन यायची. तिच्या नजरेतून काय सुटणार!

"हा बरा नेमका जेवणाच्या वेळी येतो गं."

"काम असतं त्याचं, आई."

"दिसतंय की काम. तुझे कान लाल झालेत." मग भाजी वाढता वाढता माउली हळूच म्हणायची, "पण तोंड उघडत नाही तोवर काही खरं नाही."

सुख पाहुण्यासारखं उभ्याउभ्या येतं. दुःख मात्र बिऱ्हाड घेऊन येतं. एका सकाळी आई स्वयंपाकघरात कोसळली. दवाखान्यात आणली तेव्हा वाचा गेलेली, डोळे मिटलेले. आता काही उरलं नाही, असं खाली दोघातिघांनी ठरवूनही टाकलं. मोठ्या सिस्टरनी तेवढा हात हातात घेतला, आणि त्यांना कळलं, डाव्या हाताचं एक बोट अजून जागं आहे. त्या बोटाने एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही.

आईच्या डोक्याचा स्कॅन लेकीनेच काढला. दुसरं होतं कोण? तोच एप्रन घालून तिने आपल्याच आईच्या आतला अंधार टिपला. इथले सर्जन शस्त्रक्रिया करायला तयार होते, पण शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी चित्रं बघून होकार दिल्याशिवाय सुरी उचलणार नव्हते. मोबाइलवर काढलेले फोटो बाईंनी परत फिरवले. मूळ चित्रं हवीत म्हणाल्या; ती स्कॅनच्या यंत्रातून तारेनेच जाणार.

आणि पहाटेच्या विजेने द्वारपालाचं मशीन जळालं होतं. त्याच्याशिवाय तार जोडायची नाही, असा मोठ्या डॉक्टरांचा हुकूम. तो तरी चुकीचा कसा म्हणावा? मागच्या वेळी चोरांनी यंत्रं बंद पाडली, तेव्हा एक खाट कायमची रिकामी झाली होती.

तो तीन जुनी मशीनं घेऊन धावत आला. जळक्या मशीनमधली डिस्क शाबूत होती. ती पहिल्यात बसवली. पडद्यावर चार ओळी उमटल्या आणि सगळं थिजलं. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यातही तेच.

ती वॉर्डातून वर आली. "झालं?"

"प्रत्येक मशीनचं डोकं निराळं..." त्याने तिसऱ्याची कळ पुन्हा दाबली. "एकही उठत नाही. मेलीत सगळी."

ती पडद्याकडे बघतच नव्हती. "मग हा दिवा का लुकलुकतोय?"

"कुठला?"

"हा, डिस्कचा. अक्षरं थांबली तरी हा चालूच आहे. मेलेलं माणूस डोळे मिचकावतं का रे? खाली आईलाही गेलेली समजले होते. बोट धरल्यावर कळलं."

त्याने वाकून दिवा पाहिला. मग कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! जळक्या मशीनला पडदाच नव्हता. मीच द्वारपालाला सांगून ठेवलं होतं, काय बोलायचं ते पडद्यावर नको, मशीनच्या पाठीला जोडलेल्या तारेतून बोल. पहिल्या मशीनपासून बोलतोय बिचारा... मीच काळ्या पडद्याकडे तोंड करून बसलोय!"

पिशवीतून तार निघाली, लॅपटॉपला लागली. तिथे प्रश्न ताटकळत उभा होता: बाहेरची जोडणी कोणती, आतली कोणती? मशीन बदललं तशी त्यांची नावं बदलली होती, म्हणून द्वारपाल उंबऱ्यावरच अडला होता. त्याने दोन उत्तरं दिली. दार उघडलं. चित्रं गेली.

उत्तर आलं. 'रक्त खोलवर पसरलंय. हे घरी कोसळल्या क्षणीच झालं असणार. सुरी लावू नका. जवळ बसा.'

तो वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून उभा होता. "मी वेळ घालवला..."

"वाचलं नाहीस? घरीच झालं होतं."

"तरी..."

"तरी काय? तूही तसाच. पडदा काळा ठेवून उभा राहतोस, आणि आतला दिवा मी ओळखायचा." तिने त्याची बाही ओढली. "आज बोल रे. आईला ऐकायचंय. तिच्याकडे वेळ नाही."

तो आत गेला, खाटेशी बसला, ते बोट हातात घेतलं. घसा खाकरला. ती दारात उभी होती.

"आई... मला तुमची मुलगी आवडते. जिन्यात पाय ठेचला तेव्हापासून. तिला एकटं पडू देणार नाही मी. चालेल तुम्हाला?"

बोटाने एकदा दाबलं. मग आणखी एकदा.

त्याचा चेहरा उतरला. "दोनदा... म्हणजे नाही ना?"

"थांब जरा," ती म्हणाली.

बोटाने तिसऱ्यांदा दाबलं. मग चौथ्यांदा. मग ते दाबतच राहिलं. ती रडता रडता हसली. "घाई झालीये तिला. हो, हो, हो, म्हणतेय."

संध्याकाळी बोट सैल पडलं, तेव्हा ते त्याच्या हातात होतं आणि त्याच्या हातावर तिचा हात. सिस्टर येऊन दिवा लावून गेल्या. दोघांपैकी कुणीच आधी हात काढून घेतला नाही.