भागोजीचं राहिलेलं पुस्तक

रेवदंड्याच्या वाचनालयात लोक पुस्तकांपेक्षा पंख्यासाठी जास्त येतात, हे जागृती तळेकरला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्यामुळे भर दुपारी कुणीतरी आत शिरून थेट पंख्याखाली उभं राहिलं, तेव्हा तिनं मान वर न करताच विचारलं,

"पुस्तक हवंय की वारा?"

"दोन्ही मिळतं का, मॅडम?"

आता मात्र तिनं मान वर केली. उंच, उन्हानं रापलेला, आणि हसताना एकाच गालावर खळी... झालं! तिथंच बाईसाहेब फसल्या. पण चेहरा असा ठेवला की जणू रोज अशा खळ्या बघते.

तो निकेत म्हात्रे. पेणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातला, पण नोकरी मालवाहू बोटीवर. सुट्टीत रेवदंड्याला मावशीकडे उतरलेला. ताऱ्यांवरचं काही आहे का, म्हणाला. जागृतीनं मागच्या कपाटातलं एक पिवळं पडलेलं पुस्तक झटकून त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं पहिलं पान उघडलं. त्यावर शाईनं लिहिलं होतं,

'चंदास — लढाई संपली की पुस्तक न्यायला येईन. तोवर तुझं उत्तर ठरव. भागोजी थळकर, आरमार. १९४३.'

"मॅडम..." तो हळूच म्हणाला, "पुस्तक तर इथंच आहे. म्हणजे हा आलाच नाही?"

जागृतीनं मान वाकवून त्या ओळी वाचल्या. त्या पानाला तिनं यापूर्वी कितीदा तरी हात लावला असेल, पण वाचलं कधीच नव्हतं.

थळकर म्हणजे थळचाच असणार, म्हणून वाचनालयाच्या सुट्टीच्या दिवशी दोघं मावशीची स्कूटर घेऊन थळला गेली. समुद्राच्या आडव्या वाऱ्यानं मागं बसलेल्या जागृतीची ओढणी सारखी निकेतच्या तोंडावर जात होती, ती पुन्हा पुन्हा आवरून घेत होती आणि तो एकदाही तक्रार करत नव्हता. थळात मात्र पदरी निराशा आली. "थळकर? हितं कुनी थळकर न्हाय बा," ज्याला विचारावं तो हेच सांगे, वर हसेही.

खलाशी काही सापडला नाही, पण निकेतला रोज वाचनालयात यायला कारण सापडलं. तेच पुस्तक घ्यायचं, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचं.

"झालं वाचून?"

"अजून पहिल्याच पानावर आहे. लक्ष लागत नाही ना..."

"पंखा बंद करू का?"

"पंख्याचा काही दोष नाही!"

अशा दुपारी भराभर गेल्या. आणि मग एक दिवस तो न हसता आला. बोटीवरून बोलावणं आलं होतं. शुक्रवारी निघायचं होतं, ते थेट पावसाळ्यानंतरच परत.

"जागृती," आज मॅडम गळून पडलं होतं, "मला तू आवडतेस. पुढं काय ते तू ठरव."

तिलाही तो आवडत होता, खोटं कशाला सांगा! पण तिचे वडील ट्रकवर होते. गाडीचा आवाज आला की हातातलं काम टाकून दारात धावणारी आई तिनं लहानपणापासून पाहिली होती. तसं जगायचं नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं.

"वाट बघायला मला नाही जमणार, निकेत... आपला भागोजी तरी कुठं आला परत?"

"आला असेल तर?"

तिनं परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा सरळ केला. निकेतनं विषय बदलावा म्हणून टेबलावरच्या तिच्या नावाच्या पाटीकडे बोट दाखवलं. "तळेकर. म्हणजे तळे गावातले सगळे तुमचेच?"

"छे! तळ्यात एकही तळेकर नाही. तिथं आमची सगळी भावकी शिंदे. आजोबा गाव सोडून इकडं आले, तेव्हा लोकांनी त्यांना तळेकर..." ती थांबली. ताडकन उभीच राहिली. "अरे देवा! थळात थळकर कसा सापडेल? थळ सोडल्यावर तो थळकर झाला असणार!"

शुक्रवारच्या आत दोघं पुन्हा थळला गेली. या वेळी आडनाव विचारलंच नाही. लढाईच्या वेळी आरमारात गेलेला भागोजी, एवढंच विचारलं. "आरमारवाल्याचं घर व्हय? ते काय!" पहिल्याच माणसानं हात दाखवला.

अंगणात बोंबील वाळत घातलेले. भागोजीची लेक, नलूमावशी, राखण करत बसली होती. पुस्तक हातात घेऊन तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि खुदकन हसली.

"आला ना गो माझा बाबा! पुस्तक न्यायला रेवदंड्याला गेला आन आयला घेऊन आला. पुस्तक तिथं मामाकडंच ऱ्हायलं, त्यानं मागनं वाचनालयाला दिलं!"

निकेत तर टाळी वाजवायचाच बाकी होता. पण नलूमावशीचं बोलणं संपलं नव्हतं.

"पर आयला एका गोष्टीचं लय वाईट वाटं. तिचं उत्तर तर बाबा जायच्या आधीच ठरलेलं. लाजंनं बोलली न्हाय. तो तिकडं समुद्रावर झुरं, ही हितं. सांगितलं असतं तर दोघांचे दिवस बरे गेले असते, म्हनायची."

जागृतीनं पुस्तक तिच्यापुढं धरलं. तिनं ते मागं सारलं. "आमच्याकडं कपाटात बसंल. वाचनाऱ्यानं न्यावं."

परतताना समुद्रातला खांदेरीचा किल्ला दिसतो तिथं जागृतीनं स्कूटर थांबवायला लावली. पर्समधून पेन काढलं. पुस्तकावर रेघ मारणाऱ्याला फैलावर घेणारी ही बाई, पण भागोजीच्या ओळींखाली सावकाश लिहू लागली. लिहून झाल्यावर तिनं पुस्तक निकेतच्या हातात दिलं आणि स्वतः समुद्राकडं बघत राहिली.

'निकेतला — उत्तर ठरलंय. हो. वाट बघेन. जागृती.'

त्यानं दोनदा वाचलं. मग तिच्याकडं पाहिलं... ती खळी पुन्हा उमटली.

"मॅडम, वाचनालयाच्या पुस्तकावर लिहायला मनाई आहे ना?"

"आहे. आणि बोटीवर न्यायलाही. म्हणून परत आणून द्यायचं. स्वतः."

"आणि आल्यावर पुस्तक द्यायचं विसरलो तर?"

ती त्याच्या मागं बसली आणि या वेळी तिनं ओढणी आवरली नाही.

"विसर की. भागोजीही विसरलाच होता."