अर्धा साचा

"मॅडम, साचा गेला!" नगरच्या एमआयडीसीतून भाऊसाहेबांचा फोन आला, तशा फौजदार जयमालाबाई चहा तसाच टाकून निघाल्या.

भाऊसाहेबांच्या कारखान्यात सिलिकॉन रबराचे हात बनत. हवा भरली की हाताची बोटं वाकत आणि बोरं न चेमटता उचलत. उद्या गिऱ्हाईक काम बघायला येणार होतं. आणि दुपारी सगळे बाहेर जेवत असताना प्लास्टरच्या साच्याचा अर्धा भाग, तोही बोटांच्या टोकांचा, नाहीसा झाला.

साच्याच्या खोलीपाशी एकटा राखणदार बन्सी होता. भाऊसाहेबांनी त्याला चोर ठरवूनही टाकलं होतं.

"आत कोण गेलं?" जयमालाबाईंनी विचारलं.

"परकं कुनीच न्हाई मॅडम." बन्सीला रडू फुटलं. "मी घेतला न्हाई हो."

साचा करणारा गोरक्ष टेबलापाशी उभा होता. आज उशिरा आलेला त्याचा डबा टेबलावर भरलेला तसाच होता.

"डबा असाच येतो?"

"न्हाई, माजी बायको मालन पिशवीतनं आनती."

पिशवी कुठंच नव्हती. फळीवर तयार हात ओळीनं मांडले होते. पहिल्याच्या बोटांवर खऱ्या कातडीसारख्या रेघा होत्या, शेवटच्याची बोटं गुळगुळीत.

"या रेघा कुणाच्या?"

गोरक्षनं पहिला हात उचलून घेतला. "आमच्या स्नेहलच्या. बोरांसाठी बारीक बोटं हवी हुती, तिनंच हात दिला. गेल्या साली तापात गेली पोर. प्लास्टर झिजतं मॅडम, दर ओतनीला थोडं थोडं."

सगळे गोरक्षच्या घरी गेले. मालनबाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीला पांढरी भुकटी लागली होती.

"अर्ध्या साच्यात रबर राहत नाही," जयमालाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणजे नेणाऱ्याला हात बनवायचा नव्हता, बनवणं थांबवायचं होतं. बन्सीला परकं न वाटणारं माणूस म्हणजे रोज डबा आणणारं. आज डबा राहिला आणि पिशवी गेली."

"रोज त्या हातांवरनं बोट फिरवत हुते," मालनबाई म्हणाली. "परवा पोरीच्या रेघाच लागंनात. मंग काय करू?"

भाऊसाहेबांनी बन्सीच्या खांद्यावर हात ठेवला.

"पैल्या हातावरनं नवा साचा पाडतो," गोरक्ष म्हणाला. "तो झिजला तर झिजू दे. ह्यो तुझ्यापाशीच राहील."

मालनबाईनं साचा बाहेर काढला आणि त्यातल्या खळग्यात आपली करंगळी घातली. ती नखापर्यंतच गेली.

"येवडीशीच हुती," ती म्हणाली.