उलटा पक्षी

"हा पक्षी उलटा कोणी लावलाय?"

संग्रहालयाच्या तळघरात मी पेंढा भरलेल्या घुबडाला काचेचे डोळे बसवत होते. दारात एक उंच, भिजलेला माणूस उभा. छत्रीचं पाणी माझ्या फरशीवर गळत होतं आणि चेहरा असा, जणू मी त्याच्या सख्ख्या भावालाच उलटं टांगलं होतं.

"मी लावला," मी म्हटलं. "आणि छत्री बाहेर ठेवा."

तो ओशाळला, पण मला वरच्या दालनात घेऊन गेलाच. काचेमागे माझा तपकिरी पक्षी डोकं खाली करून खोडावरून उतरत होता. मला तर तो भारी ऐटबाज वाटायचा.

"हा फक्त चढतो," तो म्हणाला. "ताठ शेपूट सालीला टेकवायची, नखं रोवायची आणि किडे वेचत वर-वर जायचं. वर पोचला की उडून दुसऱ्या झाडाच्या बुंध्याशी. असं उतरणं त्याच्या... स्वभावातच नाही."

"म्हणजे माघार घेणं माहीत नाही. नर दिसतोय."

तो हसला, आणि मी उगाच काच पुसायला लागले.

पावसाळी जंगलातल्या पक्ष्यांचा तो अभ्यासक. आमच्याकडच्या जुन्या नमुन्यांची मापं घ्यायला आला होता. पक्षी आम्ही दोघांनी मिळून सुलटा केला. त्यानं धरला, मी पायातली तार वळवली. शेपटीची टोकं झिजलेली होती, मी कात्री उचलली.

"राहू दे ना," त्यानं माझं मनगट हलकेच थांबवलं. "सगळा भार तिच्यावरच असतो. झिजणारच ती."

त्यानंतर तो रोज काहीतरी मागायला तळघरात यायला लागला.

"दोरा आहे?"

"काल नेलेला कुठे गेला?"

"हरवला."

"अख्खं रीळ?"

"मोठं जंगल आहे वर," तो गंभीरपणे म्हणायचा.

घरी मी त्याचं नाव 'तक्रारवाला' ठेवलं होतं. ते ऐकलं की अप्पा, माझे वडील, अर्ध्या ओठांनी हसायचे. माझ्याआधी त्या तळघरात तेच काम करायचे. झटका आला आणि उजवी बाजू गेली. आता त्यांना घास मी भरवते. आम्हाला एकमेकांशिवाय कोणी नाही.

"या पक्ष्यांची जोडी असते का हो?" एकदा मी त्याला विचारलं.

"यातल्या बऱ्याच जातींत नसते. नर भेटतो नि निघून जातो. घरटं, पिल्लं, सगळं मादी एकटी बघते."

"सोयीचं आहे."

"मला नाही आवडत ते," तो म्हणाला. तेव्हा तो पक्ष्याकडे बघत नव्हता.

मग त्याला जंगलातल्या केंद्रावरून बोलावणं आलं. काही वर्षांचं काम होतं; त्यासाठीच तर तो आयुष्यभर धडपडला होता.

"चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. आणि लगेच, "नाही... अप्पा आहेत. कळतं मला. तू थांब म्हणालीस तर मी थांबेन."

मला माहीत होतं, तो खरंच थांबला असता. इथे मेलेल्या पक्ष्यांची मापं घेत राहिला असता आणि मला कधी बोलूनही दाखवलं नसतं.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," मी म्हटलं. "म्हणून सांगते, जा."

तो बराच वेळ माझा हात धरून उभा राहिला. जाताना दोऱ्याची सगळी रिळं टेबलावर ठेवून गेला. एकाचाही धागा उलगडलेला नव्हता.

त्या आठवड्यात अप्पांनी विचारलं, "तक्रारवाला... येत नाही हल्ली?"

"काम संपलं त्याचं," मी म्हटलं आणि त्यांचं तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी दालन उघडायच्या आधी मी वर गेले, काच सरकवली आणि पक्ष्याच्या पायातली तार पुन्हा वळवली. डोकं खाली, शेपूट वर. नकळत झालेली चूकही अप्पांनी कधी माफ केली नसती, आणि ही तर जाणूनबुजून केलेली. पण कुणीतरी ती बघेल, रागावेल, तळघराचा जिना उतरून येईल... एवढं वेडेपण मी स्वतःला करू दिलं.

दाराशी पायरव झाला की अजूनही माझा हात थांबतो. रोज कितीतरी लोक त्या काचेपुढे उभे राहतात, वा वा म्हणतात आणि पुढे जातात. अजून कुणीही तक्रार केलेली नाही.