झाकण असलेला कप

त्या रविवारी डब्लिनच्या गॅलरीत मी शिरले ती चित्रं बघायला नव्हे, पावसापासून वाचायला. आत आधुनिक जपानी चित्रांचं प्रदर्शन होतं, प्रवेश फुकट आणि हीटर चालू. पुणेकर मुलीला आणखी काय हवं?

सगळ्यांत मोठ्या चित्रासमोर एक उंच माणूस ठाण मांडून उभा होता. इथे आपली भाषा कोणाला कळतेय, या भरवशावर मी खुशाल म्हणून टाकलं, "हा खांब हलणार आहे, की सिमेंट ओतलंय पायाशी?"

खांब बाजूला सरकला. "या ना," तो चक्क मराठीत म्हणाला. "सिमेंट अजून ओलंच आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र मजेत होता. नाव ज्ञानेश, गाव नागपूर. किलकेनीच्या हॉस्पिटलात दिवसभर एक्स-रे वाचायचे आणि सुट्टीत गाडी पकडून डब्लिनला यायचं, एवढाच त्याचा संसार.

"मी उल्का," मी म्हटलं आणि तोंड लपवायला चित्राकडे वळले.

सिनेमा मधेच थांबवावा तसं ते चित्र होतं. संध्याकाळचा निळा प्लॅटफॉर्म, ओली फरशी, तिच्यात सांडलेला दिव्यांचा उजेड. बाकावर पिवळ्या रेनकोटातली एक मुलगी, आणि दूर जाणाऱ्या गाडीचा लाल दिवा.

"बिचारीची गाडी चुकली," मी म्हणाले.

"तुम्ही मधेच बघताय. एक्स-रे वाचताना आम्हाला शिकवतात, आधी कोपरे बघा. मधलं काय, सगळ्यांनाच दिसतं."

मी वाकून खालचा कोपरा पाहिला. बाकाच्या टोकाला दोन कागदी कप होते. एकातून वाफ येत होती. दुसऱ्याचं झाकण तसंच घट्ट बसलेलं.

"म्हणजे... कोणीतरी यायचंय अजून," मी म्हटलं. "गाडी चुकली नाही. तिनेच सोडली."

तो हसला. त्या हसण्याने मला काय झालं कोणास ठाऊक, मी अनोळखी माणसाला घरचं सांगत सुटले. "मी इथेच, डब्लिनच्या सँट्री भागात, सॉफ्टवेअर टेस्टर आहे. लोकांच्या चुका काढायचा पगार घेते. आणि आता आईने कॅलिफोर्नियाचं स्थळ आणलंय. शिक्षण, घर, स्वभाव, नाव ठेवायला जागाच नाही. पुढच्या रविवारी उत्तर द्यायचंय. नकाराला कारण तर लागतं ना?"

त्याने पिवळ्या रेनकोटाकडे बोट दाखवलं. "होकारालाही लागतं," तो म्हणाला.

निघताना तो दारात घुटमळला. "पुढच्या रविवारी शेवटचा दिवस आहे. शनिवारी रात्री ड्यूटी आहे, पण सकाळच्या गाडीने येईन... तुम्ही याल?"

"चित्र बघायला?"

"चित्र... ते तर आहेच."

फोन नंबर त्याने मागितला नाही. मी आपणहून देणं शक्यच नव्हतं, पुण्याची ना मी. त्या ताठ्याची शिक्षा मला आठवडाभर पुरली.

रविवारी मी दोन चहा घेऊन पोचले. दारावरचा म्हातारा रखवालदार कपांकडे बघून म्हणाला, "नॉट इनसाइड, लव्ह. आउटसाइड, ऑन द बेंच, यू आर ग्रँड देअर."

मी बसले. पाऊस भुरभुरत होता. माझा चहा पिऊन झाला, गॅलरीत माणसं आली, गेली, तरी ज्ञानेशचा पत्ता नाही. भेटला होता एकदाच, आणि मी इथे त्याचा चहा राखत बसलेय. माझा मलाच राग आला. नेमका तेव्हाच आईचा फोन वाजला.

"काय ठरलं गं? ते लोक थांबलेत."

"आई, नाही म्हणून कळव."

आईने आवाज खाली आणला. "तिकडे कोणी आहे का?"

मी रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. "माहीत नाही गं. येईल न येईल. पण त्या कॅलिफोर्नियाच्या मुलाची वाट बघावीशी मला एकदाही वाटली नाही, आई. तेवढं कारण पुरे आहे."

आई रागावली नाही. "जेवलीस का?" एवढंच विचारलं तिने. फोन ठेवला तेव्हा माझे डोळे भरून आले होते, पण मन हलकं झालं होतं. ज्ञानेश आला नाही, तरी हे उत्तर माझंच होतं.

आणि मग कोपऱ्यावरून तो धावत आला. केस निथळत होते, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"ड्यूटी लांबली, गाडी चुकली, बस मिळाली ती गावोगाव थांबत... उल्का, मला वाटलं तू गेली असशील."

तो 'तुम्ही' विसरला होता. मी आठवण करून दिली नाही.

"चित्र आत आहे," मी म्हटलं. "पण आधी कोपरा बघ."

त्याची नजर बाकाच्या टोकाला गेली. माझा रिकामा कप, आणि शेजारी झाकण घट्ट बसलेला दुसरा. तो हळूच माझ्याजवळ बसला.

"गार झाला असेल," मी म्हणाले.

"असू दे," तो म्हणाला, आणि त्याने झाकण उघडलं.